स्वस्त रॅमची परीक्षा मे महिन्यात

ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्यासाठी, रॅम घेताना बहुतेकांची नजर पाकिटावरच्या मोठ्या आकड्याकडे जाते: ३२००, ३६००, ६०००. परभणी-नांदेडकडे राहणाऱ्याने मात्र उन्हाळ्याचाही हिशेब धरावा. रॅमला वाढवलेला वेग झेपेल की नाही, हे चिपइतकंच कॅबिनेटमधल्या हवेवर ठरतं.

रॅममध्ये प्रत्येक बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर असतो. ही कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची. १९६८ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. पण हा कपॅसिटर म्हणजे पाझरणारा माठ. भरून ठेवला तरी आपोआप रिता होत जातो. म्हणून डीडीआर४ या प्रकारच्या रॅममध्ये दर ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ओळी वाचून पुन्हा भरल्या जातात. हा रिफ्रेश. चिप तापली की गळती वाढते, आणि तापमान ८५ अंशांपुढे गेलं तर हेच काम ३२ मिलिसेकंदांत उरकावं लागतं.

आता आकड्यांची गंमत बघा. ३२०० ची रॅम प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झवर चालते आणि प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा देते. तिचा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा. लेबलवर सीएल (मागणीपासून डेटा येईपर्यंतचे ठोके) १६ असेल तर डेटा यायला १० नॅनोसेकंद लागतात, सीएल २२ असेल तर १३.७५. ३६०० ची रॅम सीएल १८ असेल, तरी वेळ पुन्हा १० नॅनोसेकंदच. म्हणजे मोठा आकडा आणि ढिलं टाइमिंग (जास्त सीएल) यांची जोडी दुकानात भारी दिसते, पण वाट पाहण्याचा वेळ काही कमी होत नाही. सीएलला २००० ने गुणा, वेगाने भागा, नॅनोसेकंद मिळतात. दुकानात उभ्या उभ्या मोबाईलवर होणारा हिशेब आहे.

जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या चिपांवर बनते. स्टिकवरचं (रॅमच्या पट्टीवरचं) नाव वेगळं असलं तरी आतला माल यांचाच असण्याची शक्यता मोठी. तयार चिपा तपासून त्यांची प्रतवारी होते. ज्या जास्त वेग सोसतात त्या महागड्या किटमध्ये जातात, उरलेल्या साध्या स्टिकवर. स्वस्तात घेऊन वेग वाढवण्याचा खेळ या प्रतवारीवरच चालतो. साध्या स्टिकवरची चिपही अनेकदा लेबलपेक्षा थोडं जास्त पळते. किती, ते नशिबावर. त्यातून एकाच मॉडेलमध्ये कंपनी मधेच चिप बदलते, त्यामुळे मित्राची स्टिक धावली म्हणून तुमचीही धावेल असं नाही.

एकच १६ जीबीची स्टिक घेण्यापेक्षा ८-८ ची जोडी घ्या. दोन्ही स्टिक एकाच वेळी डेटा देतात, त्या ड्युअल चॅनलमुळे मिळणारी बँडविड्थ (सेकंदाला जाणारा डेटा) कुठल्याही ओव्हरक्लॉकपेक्षा मोठी असते. आणि आधी मदरबोर्ड बघा: इंटेलच्या एच६१० चिपसेटच्या बोर्डवर रॅम ओव्हरक्लॉक होतच नाही, बी६६० वर होते. एएमडीच्या रायझन ५००० प्रोसेसरला साधारण ३६०० पर्यंत, रायझन ७००० ला ६००० च्या आसपास फायदा दिसतो. त्यापुढे पैसे जास्त जातात, फरक कमी पडतो. आरजीबी दिव्यांसाठी तर जादा रुपया देऊ नये, त्यांची उष्णताही शेवटी त्याच पट्टीत मुरते.

खरी अडचण टाइमिंग घट्ट करताना येते. डीडीआर४ चं व्होल्टेज मुळात १.२, एक्सएमपी (रॅममध्येच साठवलेली जास्त वेगाची तयार सेटिंग) चालू केलं की बहुधा १.३५ होतं, म्हणजे उष्णता वाढलीच. काही हौशी लोक बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) दोन रिफ्रेशमधलं अंतर, जे साधारण ७.८ मायक्रोसेकंद असतं, कित्येक पटींनी वाढवतात. डिसेंबरात परभणीचा पारा रात्री कधी कधी दहाच्या खाली जातो तेव्हा हे बिनबोभाट चालतं. मेमध्ये पत्र्याच्या खोलीत, शेजारी ग्राफिक्स कार्ड गरम हवा सोडत असताना, तीच सेटिंग बिट हरवू लागते. कधी गेम बंद पडतो, कधी झिप फाइल उघडत नाही, आणि दोष विंडोजला दिला जातो. (कूलरच्या थेट झोतात पीसी ठेवणारेही पाहिले आहेत. त्या ओलसर हवेत बोर्ड किती दिवस टिकेल, कोण जाणे.)

म्हणून मेमटेस्ट८६ (पीसी रीस्टार्ट करून चालवायची मेमरी चाचणी) हिवाळ्यातल्या रात्री चालवून समाधान मानू नका. भर दुपारी, आधी अर्धा तास गेम चालवून कॅबिनेट तापवा, आणि मग विंडोजमध्येच चालणारी एखादी मेमरी चाचणी लावा. रीस्टार्ट करण्यात तापलेली हवा निवते. एरर आल्या तर पहिल्यांदा रिफ्रेशचं अंतर ऑटोवर न्या. मग रॅमवर हवा जाईल असा एखादा साधा पंखा बसवा. तरीही भागलं नाही, तर ३६०० सोडून ३२०० वर सीएल १६ लावून बघा. वाट पाहण्याचा वेळ तोच १० नॅनोसेकंद राहतो. बँडविड्थ तेवढी नवव्या हिश्शाने घटते.