क जीवनसत्त्व आणि रोजचं जेवण

क जीवनसत्त्व म्हणजे व्हिटॅमिन सी, केमिस्ट्रीच्या भाषेत अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड. पाण्यात विरघळतं, उष्णतेने आणि हवेने खराब होतं, शरीरात फारसं साठत नाही, त्यामुळे ते रोजच्या ताटातूनच मिळवावं लागतं. गाय, बकरी, कुत्रा हे प्राणी ते स्वतःच्या लिव्हरमध्ये बनवतात पण माणूस, बहुतेक माकडं आणि गिनी पिग यांच्यात त्यासाठी लागणारं शेवटचं एन्झाइम तयार करणारा जीनच बिघडलेला आहे.

शरीरातलं त्याचं सगळ्यात मोठं काम कोलॅजेन, म्हणजे शरीराला बांधून ठेवणारं प्रोटीन, पक्कं करणं. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या, हाडं सगळं या कोलॅजेनवर उभं असतं, म्हणून एक ते तीन महिने हे जीवनसत्त्व जवळजवळ मिळालंच नाही की आधी थकवा, मग हिरड्या सुजून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, जखम भरत नाही. हाच स्कर्व्ही. 1747 मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने 12 आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं काहीतरी दिलं, त्यात संत्री-लिंबं खाणारे दोघे सगळ्यात आधी बरे झाले. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते.

आपल्याला जास्त जवळची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916, आजच्या इराकमधल्या कुत शहरात ब्रिटिश इंडियन आर्मीची सहावी पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. भाजी संपली. गोऱ्या सैनिकांनी घोड्याचं ताजं मांस खाल्लं, ते स्कर्व्हीतून बरेचसे वाचले पण मैद्याच्या पावामुळे त्यांना बेरीबेरी (ब-1 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) झाला, आणि हिंदी सैनिकांपैकी बहुतेकांनी धर्मामुळे ते मांस बरेच दिवस नाकारलं, आटा-डाळीमुळे बेरीबेरी टळला पण स्कर्व्हीने शेकडो जण आजारी पडले. त्याच काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनी पिगवर प्रयोग करून दाखवलं की कोरड्या कडधान्याने स्कर्व्ही थांबत नाही, पण तेच भिजवून मोड आणले की थांबतो. मटकीला मोड आणणं ज्यांच्या घरी रोजचं, त्यांच्याच माणसांना तिकडे या आजाराने गाठलं, हे वाचून मला खरंच वाईट वाटतं.

म्हणजे कोरड्या मुगात-मटकीत क जीवनसत्त्व जवळजवळ शून्य, मोड आल्यावर 100 ग्रॅममागे साधारण 10-15 मिलिग्रॅम. पण उसळ कुकरला लावली की त्यातलं बरंचसं जातं, म्हणून थोडे मोड कच्चेच कांदा-टोमॅटो घालून खावेत.

लागतं किती? भारतात पुरुषांसाठी रोज 80 मिग्रॅ, बायकांसाठी 65, गरोदरपणी 80 आणि अंगावर पाजणाऱ्या आईला 115 मिग्रॅ अशी शिफारस आहे. सिगरेट ओढणाऱ्यांना जास्त लागतं. मिळतं कुठून तर आवळा आणि पेरू सगळ्यात पुढे, 100 ग्रॅममागे दोनशे मिग्रॅच्या वर, जातीप्रमाणे कमीजास्त. म्हणजे एक मध्यम पेरू खाल्ला की दिवसाचा प्रश्न मिटला. संत्र्यात 50 च्या आसपास. कोकणात काजूचे बोंडू गळून पडतात आणि बी काढून फेकून दिले जातात, त्यात संत्र्याच्या कितीतरी पट असतं, ही मोठी नासाडी आहे. शेवग्याचा पाला, हिरवी मिरची, कोथिंबीर, कच्चा कोबी हेही चांगले. लिंबाचं नाव मोठं असलं तरी ताटातल्या एका फोडीतून जेमतेम काही मिलिग्रॅम मिळतात, त्यामुळे फोडीवर भागवू नये.

तरी फोड सोडायचीही नाही, कारण भाज्या-डाळीतलं लोह आतड्यात नीट शोषलं जात नाही आणि क जीवनसत्त्व त्याचं रूप बदलून ते शोषायला मदत करतं. पोह्यांवर लिंबू आणि कोथिंबीर, भाकरी-पालेभाजीबरोबर कोबीची कोशिंबीर, पानाची डावी बाजू बघा, बहुतेक गोष्टी कच्च्या आणि आंबट असतात. ज्यांना हिमोग्लोबिन कमी सांगितलंय त्यांनी जेवणाबरोबरच पेरूची फोड खावी, वेगळी चार वाजता नको, आणि जेवणावर लगेच चहा तर अजिबात नको.

स्वयंपाकात ते वाचवायचं तर भाजी आधी धुवावी मग चिरावी, चिरून तासन् तास ठेवू नये, उकळलेलं पाणी ओतून देऊ नये, लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावं. तांब्याच्या भांड्यात ते लवकर नासतं.

सर्दीवर हमखास औषध हा समज 1970 पासून पसरला, नोबेलविजेते लायनस पॉलिंग यांनी तसं पुस्तकच लिहिलं. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की रोज गोळी घेऊनही सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, मोठ्यांमध्ये ती जेमतेम 8 टक्के लवकर बरी होते, आणि नाक गळायला लागल्यावर सुरू केलेल्या गोळीचा ठोस उपयोग दिसत नाही. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, पण दिवसाला 2000 मिग्रॅच्या वर गेलं तर जुलाब होऊ शकतात, आणि ज्यांना आधी मूतखडा झालाय त्यांनी मोठ्या डोसच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत कारण त्याचं शरीरात ऑक्झलेट बनतं, आणि बरेचसे खडे त्याचेच असतात.