मोकळ्या जागेचा इतिहास: टायपोग्राफीतले तपशील कुठून आले?

माइन्झमध्ये 1455 च्या सुमारास योहानेस गुटेनबर्गने बायबल छापले, तेव्हा लॅटिन वर्णमालेतली मोजकी अक्षरे त्याला पुरली नाहीत. त्याने सुमारे 290 प्रकारचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, वापरले. त्यांत एकाच अक्षराची रुंद-अरुंद रूपे होती, दोन-तीन अक्षरे एकत्र असलेले जोडखिळे होते, संक्षेपांची चिन्हे होती. ओळ स्तंभाच्या उजव्या कडेला नेमकी भिडावी आणि शब्दांमध्ये भगदाडे पडू नयेत, यासाठी हा सारा खटाटोप. म्हणजे अंतराचा विचार युरोपातल्या छपाईत पहिल्यापासूनच आहे.

पुढची काही शतके प्रत्येक मापाचे टाइप स्वतंत्र कोरले जात. लहान मापात अक्षर थोडे रुंद, रेषा जाड, पोकळ्या मोकळ्या. मोठ्या मापात तेच अक्षर नाजूक. ओळींच्या मधे शिशाच्या पट्ट्या हाताने बसवल्या जात. हे कसब मला फार मोलाचे वाटते, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी त्यात थेट धातूत उतरलेली असे.

मग वेग आला. 1886 मध्ये वापरात आलेल्या, अख्खी ओळ एकसंध ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्रात एका अक्षराचा भाग शेजारच्या अक्षरावर झुकू शकत नसे, म्हणून रोमन ‘एफ’चे (f) वरचे वळण आखडून घ्यावे लागले. टाइपरायटरने कळ वाचवण्यासाठी उघडणारे आणि मिटणारे अवतरणचिन्ह एकच सरळ करून टाकले. संगणकाच्या कीबोर्डवर ते आजही तसेच आहे. फोटोटाइपसेटिंगमध्ये, म्हणजे धातूऐवजी प्रकाशाने फिल्मवर केलेल्या जुळणीत, तर एकाच मूळ आकृतीवरून सगळी मापे काढता येऊ लागली आणि बारीक मजकूर किरटा दिसू लागला.

घसरण ओळखणारेही होते. टायपोग्राफर यान चिकोल्ड यांनी 1947 ते 1949 या काळात पेंग्विन या प्रकाशनसंस्थेसाठी अक्षरजुळणीचे नियम अवघ्या चार पानांत बसवले: शब्दांतर शक्य तितके कमी ठेवा, मोठ्या लिपीतल्या (कॅपिटल) अक्षरांमध्ये मात्र जागा सोडा.

1985 मध्ये पेजमेकर हे पानांच्या मांडणीचे सॉफ्टवेअर आल्यावर जुळणी डिझायनरच्या टेबलावर आली आणि कंपोझिटरची, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कारागिराची, अनुभवी नजर कामातून हळूहळू वजा झाली. 1996 मध्ये जाहीर झालेल्या ओपनटाइप या फॉन्ट-स्वरूपाने जोडखिळ्यांना पुन्हा वाट दिली. 2016 च्या व्हेरिएबल फॉन्टमुळे, म्हणजे जाडी-रुंदी हवी तशी बदलता येणाऱ्या फॉन्टमुळे, मापानुसार अक्षराचे अंग बदलणेही सोपे झाले. तरी फॉन्टमधले कर्निंग, म्हणजे दोन विशिष्ट अक्षरांमधल्या अंतराची जुळवणी, बहुधा वाचनाच्या मापाला धरून केलेले असते. पोस्टरच्या मथळ्यात ‘ए’ (A) आणि ‘व्ही’ (V) शेजारी आले की मधली फट मोठी होऊन डोळ्यांत भरते आणि ती अजून हातानेच मिटवावी लागते.