दोन इश्तेव्हांव, दोन पुराणे

फादर थॉमस स्टीफन्स यांची ओळख गोव्यातल्या मराठी वाचकाला नव्याने करून द्यायला नको. इंग्लंडमधून १५७९ च्या ऑक्टोबरात ते येथे पोहोचले, बहुतेक हयात त्यांनी दक्षिण गोव्यातल्या साष्टीत काढली, तेथील जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या कॉलेजाचे रेक्टर म्हणजे प्रमुख झाले, १६१६ मध्ये साष्टीतल्याच राशोलला त्यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून निघाले आणि १६१९ मध्ये ते वारले. घोटाळा होतो तो त्यांच्यानंतर आलेल्या, पीटर पुराण लिहिणाऱ्या एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाशी. स्मरणिकांतल्या लेखांत आणि व्याख्यानांत एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर टाकलेले मी वर्षानुवर्षे वाचत-ऐकत आलो आहे, आणि ते मला खरोखर सहन होत नाही.

मूळ आहे पोर्तुगीज कागदपत्रांत. तेथे स्टीफन्स 'तोमास इश्तेव्हांव' होतात आणि क्रुवा 'इश्तेव्हांव द क्रूझ'. म्हणजे जे एकाचे आडनाव, तेच दुसऱ्याचे बाप्तिस्म्याचे नाव. 'पाद्री इश्तेव्हांव' एवढेच लिहिण्याची सवय त्यामुळे मोडलीच पाहिजे. त्यातच दोन्ही पुराणांची मूळ पोर्तुगीज शीर्षके जवळजवळ सारखी सुरू होतात. स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या शीर्षकात 'व्हिंदा' आहे, क्रुवांच्या शीर्षकात 'व्हिदा'. 'व्हिंदा' म्हणजे आगमन, येशू ख्रिस्ताचे. 'व्हिदा' म्हणजे चरित्र, संत पीटरचे. मधला एक अनुस्वार डोळ्यांतून निसटला की ग्रंथकर्ताच बदलतो.

खरा फरक मात्र ग्रंथांच्या हेतूत आहे, आणि तेथील चूक अन्यायकारक ठरते. ख्रिस्तपुराणात एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विनवतो की जुनी पुराणे सुटली, तेव्हा त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काहीतरी द्या; त्या मागणीला उत्तर म्हणून बायबलमधली कथा विश्वाच्या उत्पत्तीपासून ओव्यांमधून उलगडत जाते. मूर्तिपूजेवर स्टीफन्स टीका करतच नाहीत असे नव्हे, परंतु त्यांचा भर कथा सांगण्यावर आहे. क्रुवांचे पीटर पुराण १६२९ पासून पुढे जुन्या गोव्यात छापले गेले, आणि पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या मुख्य चुकांचे खंडन करणे हा आपला उद्देश त्याने शीर्षकातच जाहीर केला. पीटरचे चरित्र ही त्या वादाची खुंटी. अशा खंडनाच्या ओव्या घेऊन कोणी स्टीफन्स यांच्यावर कठोरपणाचा ठपका ठेवतो, तर कोणी स्टीफन्स यांची मराठीवरची माया क्रुवांनाही परस्पर बहाल करतो. दोन्ही चुकीचे आहे. माझा स्वतःचा ओढा निःसंशय ख्रिस्तपुराणाकडे आहे. तरीही परक्या भाषेत एवढा मोठा ओवीबद्ध वाद उभा करणाऱ्या क्रुवांचे श्रम त्यांच्याच नावाने ओळखले जावेत, असे मला मनापासून वाटते.

शंका आलीच तर सन पाहावे. येथील भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे भावाला कळवणारे पत्र १५८३ चे, म्हणजे स्टीफन्स यांचेच. क्रुवांचा जन्म १५७९ चा, त्या वेळी ते चार वर्षांचे होते, आणि गोव्यात आले ते १६०२ मध्ये. कोकणीचे व्याकरणही स्टीफन्स यांचेच, मात्र १६४० मध्ये छापले गेले ते दियोगु रिबेरु या जेझुइट पाद्रींनी घातलेल्या भरीसह, तेव्हा त्यातली प्रत्येक ओळ स्टीफन्स यांची मानू नये.