पाऊस पडला की शर्यत का बदलते?

पॅरिसच्या लाँगशां रेसकोर्सवर दर ऑक्टोबरमध्ये आर्क द त्रियोंफ ही २,४०० मीटरची शर्यत होते. २०११ साली डेनड्रीम या घोडीने ती २ मिनिटं २४.४९ सेकंदांत जिंकली. तेव्हा मैदान छान सुकलेलं होतं. २०२० मध्ये आठवडाभर पाऊस झाल्यावर सॉत्सासला तेवढंच अंतर कापायला २ मिनिटं ३९ सेकंद लागले. पंधरा सेकंदांत रेसचा घोडा दोनशे मीटरहून जास्त पळतो. २०२० मध्ये सुरुवातीची चाल संथ होती हे खरं, पण एवढा फरक नुसत्या डावपेचांनी पडत नाही. तो खुराखालच्या मातीतून येतो.

ओल्या मैदानाने सगळे घोडे सारखेच मंदावले असते, तर क्रमवारी तशीच राहिली असती आणि पैज लावणाऱ्याला मैदानाची चिंता करायचं कारण उरलं नसतं. प्रत्यक्षात क्रमवारीच बदलते. असं का होतं, हे कळायला आधी मातीकडे पाहावं लागतं.

समुद्रकिनाऱ्यावर चालताना कोरड्या वाळूत पाय रुततो, लाट नुकतीच ओसरलेल्या ओलसर वाळूवर तो घट्ट टेकतो आणि पाण्याखालच्या वाळूत पुन्हा खचतो. कणांमधल्या पोकळीत थोडंच पाणी असलं, की पृष्ठताणामुळे ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या, की ही ओढ संपते आणि भार पाण्यावर येतो. चिकणमाती कोरडी पडली तर दगडासारखी होते, भिजली तर तिचा रेंदा होतो. रेताड माती आणि खाली चुनखडी असलेली जमीन पाण्याचा लवकर निचरा करते, म्हणून एकाच पावसानंतर दोन रेसकोर्सवरचं मैदान अगदी वेगळं असू शकतं. गवताची मुळं वरचा थर बांधून ठेवतात. माती वाफशावर असावी आणि मुळं दाट असावीत, घोड्याला याहून चांगलं काही नको असतं.

आता खुराकडे येऊ. चौखूर उधळलेला घोडा सेकंदाला दोनहून जास्त ढांगा टाकतो आणि प्रत्येक पाय जमिनीवर जेमतेम एक दशांश सेकंद टेकलेला असतो. त्या क्षणी एका पायावर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. घोडा पाचशे किलोचा धरला, तर आपल्या तळहाताहून थोड्याच मोठ्या खुरावर साडेबाराशे किलो. खूर टेकताच किंचित पुढे घसरतो. ही घसरण थोडी असली तर धक्का सौम्य होतो, फार झाली तर तोल जातो. मग पूर्ण भार येतो, पायामागच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) रबरासारख्या ताणल्या जातात आणि शेवटी खुराचं टोक जमिनीत रोवून घोडा स्वतःला पुढे रेटतो.

म्हणजे जमिनीकडून दोन गोष्टी हव्यात: भार पेलणं आणि टोकाला पकड देणं. माती दबली की तिच्यात गेलेली ऊर्जा परत मिळत नाही. वरचा थर फाटून मागे उडाला तर रेटा वाया जातो. या दोन गोष्टी नेहमी बरोबरीने बिघडतात असं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. पावसाने नुकत्याच भिजलेल्या मैदानातून खूर सहज सुटतो. तेच मैदान दोन दिवसांनी सुकू लागलं की चिकट होतं, खूर धरून ठेवतं आणि घोड्याला जास्त दमवतं. फ्रान्सच्या अधिकृत वर्गवारीत चिकट मैदानाचा वेगळा दर्जा आहे, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. इतर बहुतेक ठिकाणी चिकटपणाला असा स्वतंत्र शब्द नसतो.

ब्रिटनमध्ये ‘हार्ड’पासून ‘हेवी’पर्यंत शब्दांची उतरंड वापरतात. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१४ पासून १ ते १० अंक आहेत, त्यात १ म्हणजे टणक आणि १० म्हणजे अतिजड. फ्रान्समध्ये पेनेट्रोमीटर चालतो: ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून टाकून सळई किती रुतते ते मोजायचं. ब्रिटनमधली ‘गोइंगस्टिक’ क्रॅनफील्ड विद्यापीठाच्या संशोधनातून आली. तिचं टोक मातीत खुपसायला किती जोर लागतो हे ती मोजतेच, शिवाय दांडा मागे ओढताना माती किती विरोध करते हेही मोजते. भार आणि पकड, दोन्ही. अर्थात संपूर्ण ट्रॅकसाठी जाहीर होणारा आकडा शेवटी सरासरीच असतो. आतल्या रेलिंगलगतची पट्टी आधीच्या शर्यतींनी उखडलेली असेल, तर जॉकी जास्त अंतर पत्करून घोळका पार बाहेरच्या कडेला नेतात. दिवसाच्या पहिल्या दोन शर्यतींची वेळ आणि जॉकींनी निवडलेली वाट, या दोन गोष्टींवर माझा सकाळच्या घोषणेपेक्षा जास्त भरवसा आहे.

अमेरिकेतल्या वाळूमिश्रित मातीच्या ट्रॅकवर तर हिशेबच निराळा असतो. पावसाआधी रोलर फिरवून पृष्ठभाग दाबतात. वर पाणी साचलं तरी खालचा थर टणक राहतो आणि वेळा चक्क जलद येऊ शकतात. पाणी मुरून खरा चिखल झाला की घोडे मंदावतात.

जड मैदानात प्रत्येक ढांगेला जास्त ऊर्जा लागते, म्हणून तेच अंतर लांब झाल्यासारखं होतं. दमदार घोड्याला याचा फायदा होतो, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये झेप घेणाऱ्याची धार मात्र बोथट होते. २०१९ च्या आर्कमध्ये भिजलेल्या मैदानावर एनेबल ही घोडी शेवटच्या सरळ पट्ट्यात पुढे होती. ती सलग तिसऱ्या विजयाच्या उंबरठ्यावर असताना वाल्डगाइस्टने तिला शेवटी गाठलं. त्याउलट फ्रँकेल हा घोडा २०१२ मध्ये आपल्या चौदाव्या, शेवटच्या शर्यतीत इंग्लंडमधल्या अॅस्कटच्या ओल्या मैदानावर धावला. समोर ओल्यात रमणारा सिरू देझेग्ल होता. फ्रँकेल जिंकला, पण पावणेदोन लांबींनी (एक लांबी म्हणजे साधारण एका घोड्याच्या अंगाएवढं अंतर). दोन महिन्यांपूर्वी यॉर्कला, जवळपास तेवढ्याच अंतरावर, तो सात लांबींनी जिंकला होता. प्रतिस्पर्धी सगळे तेच नव्हते, त्यामुळे फरकाचं पूर्ण श्रेय मातीला देता येणार नाही.

गुडघा उंच उचलणारा घोडा चिखलात बरा, जमिनीलगत लांब ढांग टाकणारा कडक मैदानात बरा, असं जाणकार सांगतात. रुंद खूर, वडिलांचं घराणं याही खुणा सांगितल्या जातात. या खुणा उपयोगी आहेत, पण मी त्यांना अंदाज मानतो, पुरावा नाही.

पुरावा म्हणून लोक जुने निकाल काढतात, आणि तिथेच सर्वात जास्त फसतात. समजा, एखाद्या घोड्याची कुठल्याही मैदानावर जिंकण्याची शक्यता पाचात एक आहे, म्हणजे ओल्याची त्याला आवडही नाही आणि वावडंही नाही. तो ओल्या मैदानात तीनदा धावला. तिन्ही वेळा हरण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ५१ टक्के. अशा घोड्यांपैकी निम्म्याहून अधिकांवर ‘चिखलात चालत नाही’ असा शिक्का निव्वळ योगायोगाने बसेल. तीनपैकी किमान दोनदा जिंकण्याची शक्यता दहा टक्के आहे, म्हणजे दहातल्या एकाला ‘चिखलाचा राजा’ हे बिरुदही फुकटात मिळेल. बहुतेक घोड्यांच्या नावावर ओल्या मैदानातल्या शर्यती मोजक्याच असतात. म्हणून नुसतं जिंकला की हरला पाहण्यापेक्षा तो किती मागे होता, कोणाविरुद्ध होता, पाठीवर वजन किती होतं आणि अंतर त्याच्या आवाक्यातलं होतं का, हे पाहणं अधिक बोलकं ठरतं.

शिवाय ही माहिती सगळ्यांकडे असते. पाऊस सुरू झाला की ओल्यात जिंकलेल्या घोड्याचे भाव, म्हणजे तो जिंकल्यास पैजेच्या किती पट पैसे मिळणार ते, लगेच उतरतात. घोडा ओल्यात चांगला असणं आणि त्या भावात तो घेण्याजोगा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बुकीकडे सकाळी ठरलेला भाव पावसानंतरही तोच राहतो, टोटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या पैजा एकत्र जमवून जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या पद्धतीत, मात्र वाटप शेवटच्या क्षणी जमलेल्या रकमेवरून ठरतं. तेही आयोजकांचा वाटा आधी कापून घेतल्यावर, म्हणून सरासरी खेळणारा तोट्यातच जातो, मातीचा अभ्यास असो वा नसो.

मैदान फार कडक झालं तर ट्रेनर घोडा मागे घेतात. पळताना कंडरेच्या गाभ्याचं तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढतं आणि ती ताणाच्या शेवटच्या मर्यादेजवळ काम करत असते. कडक जमिनीचा धक्का त्यात भर घालतो, आणि फाटलेली कंडरा भरून यायला महिनोन् महिने लागतात. एखादा फेव्हरिट असा आयत्या वेळी बाहेर पडला, की ब्रिटनमध्ये उरलेल्या घोड्यांवर आधीच्या भावाने लावलेल्या पैजांच्या जिंकलेल्या रकमेतून ठरावीक हिस्सा कापला जातो. बाहेर पडलेल्या घोड्याचा भाव जितका कमी, तितकी ही कपात जास्त.