हेलिकॉप्टरमधून लक्ष्य शोधणं

लष्करी हेलिकॉप्टरमधून जमिनीवरची गाडी, तोफ किंवा माणूस शोधून ओळखणं म्हणजे टार्गेट ॲक्विझिशन. नजर ६/६ असली की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये.

अजिंक्यताऱ्यावर उभं राहून खाली पोवई नाका शोधून बघा. नवखा पाहुणा नुसता पत्र्यांवरून नजर फिरवत बसतो, सातारकर मात्र आधी एसटी स्टँड धरतो आणि तिथून रस्ता पकडत बरोबर पोचतो. डोळे दोघांचे सारखेच, कुठं बघायचं हे एकालाच माहितीय, म्हणून तर पायलटला उडायच्या आधी नकाशावर खुणा पाठ करायला लावतात.

आपल्याला बारीक दिसतं ते नजरेच्या मधल्या साधारण २ अंशांत, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठा दिसतो तेवढ्याच जागेत. बाकी सगळं धूसर. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो आणि १८० किमी वेगात हेलिकॉप्टर तेवढ्यात ५० मीटर पुढं गेलेलं असतं, त्यात झाडांच्या शेंड्यांवरून उडत असेल तर टेकडीआडची गाडी काही सेकंदच दिसणार.

१९५८ मध्ये अमेरिकी लष्कराचे शास्त्रज्ञ जॉन जॉन्सन यांनी इमेज इंटेन्सिफायरसाठी, म्हणजे अंधूक उजेड वाढवून दाखवणाऱ्या उपकरणासाठी, मोजमाप मांडलं: वस्तूच्या रुंदीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची १ जोडी वेगळी दिसली की 'काहीतरी आहे' कळतं, कुठल्या प्रकारची वस्तू ते कळायला ४ लागतात, नेमकी कुठली ते कळायला ६.४. अडीच मीटर रुंद ट्रक ३ किमीवर असेल तर नुसत्या डोळ्याला जेमतेम दीड जोडी मिळते. उसाची ट्रॉली की लष्करी गाडी, सांगता येत नाही.

वर कॉन्ट्रास्टची, म्हणजे वस्तू मागच्या रंगापेक्षा किती उठून दिसते याची भानगड. वाळव्याच्या उसात उभा हिरवा ट्रॅक्टर दुपारी दिसणार नाही, संध्याकाळी बांधावर आला की लांब सावलीच त्याची चुगली करते. हालचाल तर कडेच्या धूसर नजरेलाही कळते, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे लक्ष कसं आपोआप जातं तसं. दडून बसलेले म्हणूनच हलत नाहीत.

रोटरच्या थरथरीने डोकं हलतं, हातातल्या दुर्बिणीतलं चित्र तर नाचायलाच लागतं, म्हणून साइट, म्हणजे लक्ष्य बघायची दुर्बीण, स्थिर ठेवायला जायरो (हलणं ओळखून सावरणारं यंत्र) लावतात. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो आणि एक टॉर्च चमकली की पुन्हा पहिल्यापासून. नाइट व्हिजन गॉगलमधून साधारण ४० अंशच दिसतं, पाइपातून बघितल्यासारखं, त्यामुळे हेल्मेटचं वजन घेऊन मान सतत इकडून तिकडे फिरवावी लागते, आणि मग डोळ्यांआधी मान बोलायला लागते.