नॅनो औषध मेंदूत पोचतं किती, ते आधी विचारा

घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून एक फॉरवर्ड येतोच, ब्रेन ट्यूमरवर नॅनो पार्टिकलचा इलाज सापडला म्हणून, आणि खाली लगेच कोणीतरी विचारतं की खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात मिळेल का हे. घरात पेशंट असला की माणूस विचारणारच हो. पण त्या फॉरवर्डमध्ये एक गोष्ट कधीच नसते, दिलेल्या औषधातलं ट्यूमरपर्यंत पोचलं किती.

मुळात मेंदू औषध सहजासहजी आत घेतच नाही. १८८५ मध्ये पॉल एर्लिशने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला तर बाकी अवयव रंगले आणि मेंदू कोरा राहिला, मग १९१३ मध्ये त्याचाच शिष्य एडविन गोल्डमनने उलटं केलं, रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकी शरीर कोरं. म्हणजे मध्ये काहीतरी आडवं आहे. ते म्हणजे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांची भिंत, तिथल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या की फटच नाही, आणि त्यातूनही कोणी घुसलंच तर पेशींमधले पंप त्याला वॉचमनसारखं कॉलर धरून बाहेर काढतात.

ट्यूमरच्या गाभ्यात ही भिंत गळकी झालेली असते, पण कडेच्या पेशी चांगल्या मेंदूत पसरलेल्या असतात, तिथे भिंत शाबूत, आणि ट्यूमर परत येतो तो बहुतेकदा तिथूनच! टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाचा रेणू छोटा म्हणून ते आत जातं, तरी २००५ च्या मोठ्या ट्रायलमध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूच्या एका आक्रमक कॅन्सरच्या पेशंटचं मीडियन आयुष्य (अर्धे पेशंट जगले तेवढा काळ) नुसत्या रेडिएशनवर १२.१ महिने होतं, ते हे औषध जोडून १४.६ झालं. बस एवढंच.

म्हणून नॅनो. साधारण १०० नॅनोमीटरच्या आसपासचा चरबीचा किंवा पॉलिमरचा कण, आपली तांबडी रक्तपेशी ७००० नॅनोमीटरची असते त्यावरून अंदाज घ्या, त्यात औषध भरायचं आणि वर ट्रान्सफेरिन नावाचं रक्तातलं प्रोटीन लावायचं. मेंदूला लोह लागतं, ते ट्रान्सफेरिनवरून येतं, त्यामुळे भिंतीतल्या पेशी ते ओळखून आत ओढतात आणि कणही सोबत जातो. गंमत म्हणजे कण फार घट्ट चिकटला तर पलीकडे सुटतच नाही, भिंतीतच अडकतो.

आणि खरा खादाड वेगळाच आहे, लिव्हर. तिथल्या कुप्फर पेशी परका कण दिसला की गिळतात, प्लीहा पण गिळते. २०१६ मध्ये दहा वर्षांचे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा शरीरातल्या गाठींपर्यंत पोचलेला डोस मीडियन ०.७ टक्के निघाला, आणि तेही बहुतेक उंदरांत.

माणसात काहीच झालं नाही असंही नाही. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत प्रिया कुमठेकर आणि टीमने सोन्याच्या नॅनो कणांवर आरएनए (इथे ट्यूमरचं एक जनुक बंद पाडणारा रेणू) लावून ८ पेशंटना ऑपरेशनआधी शिरेतून दिले, काढलेल्या ट्यूमरच्या पेशींत सोनं सापडलं, २०२१ मध्ये पेपर आला. पण ट्यूमर बरा करणं हा त्या ट्रायलचा उद्देशच नव्हता, कण पोचतात का आणि माणसाला झेपतात का एवढंच बघायचं होतं.

आपल्याकडे कुठली ट्रायल चालू आहे ते क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियाच्या साइटवर फुकट शोधता येतं, ट्यूमरचं नाव टाकायचं, आणि जे सापडेल त्याची प्रिंट घेऊन डॉक्टरांना दाखवायची.