काटकसरविरोधी आंदोलन

तूट भरून काढण्यासाठी सरकारने खर्चाला कात्री लावली, अनुदान काढून घेतले, कर किंवा भाडे वाढवले आणि त्याविरुद्ध लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, की त्याला काटकसरविरोधी आंदोलन म्हणतात. शब्द अभ्यासकांचा आहे. मोर्चात तो कोणी उच्चारत नाही. तिथे ‘भाडेवाढ मागे घ्या’, ‘सवलत चालू ठेवा’ एवढेच ऐकू येते. सरकारी कागदावर त्याच गोष्टीला ‘वित्तीय शिस्त’ किंवा ‘सुसूत्रीकरण’ म्हणतात. सुसूत्रीकरण हा शब्द दिसला की काहीतरी महागणार, असे खुशाल समजावे.

कर्जबाजारी देशांत याची सुरुवात बहुधा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जापासून होते. कर्ज हप्त्याहप्त्याने मिळते आणि प्रत्येक हप्त्याआधी ठरलेल्या अटी पुऱ्या कराव्या लागतात. त्यामुळे जी दरवाढ चार वर्षांत पसरवता आली असती, ती एका रात्रीत करावी लागते. इजिप्तमध्ये जानेवारी १९७७ मध्ये पीठ, तांदूळ, तेल यांवरचे अनुदान असेच एकाएकी काढले गेले. १८ आणि १९ तारखेला शहरे पेटली आणि सरकारने निर्णय मागे घेतला.

भडका कुठे उडतो

कपातीची एकूण रक्कम किती, यावरून आंदोलनाचा अंदाज बांधता येत नाही. ती रोज, रोख आणि सगळ्यांदेखत भरावी लागते का, हे पाहावे लागते. म्हणूनच बसचे तिकीट इतक्या वेळा ठिणगी ठरले आहे.

समजा, तिकीट २० रुपयांचे २५ झाले आणि त्याच वेळी विद्यार्थ्यांची अर्ध्या तिकिटाची सवलतही गेली. सरकारच्या हिशेबात ही २५ टक्के वाढ. पण काल १० रुपये देणारा विद्यार्थी आज २५ देतो. महिन्याचे २५ दिवस, जाऊन-येऊन, म्हणजे ५०० चे १,२५० रुपये. घरात दोन मुले कॉलेजला असतील तर २,५००. मंत्री टक्क्यांत बोलतो आणि घरात अडीच पटीची चर्चा चालते. दोघेही खरेच बोलत असतात.

व्हेनेझुएलात नेमके हेच घडले. पेट्रोलची किंमत वाढल्यावर सरकारने बसभाड्यात ३० टक्के वाढ मंजूर केली, पण बसवाल्यांनी त्याहून बरीच जास्त घेतली आणि विद्यार्थ्यांचे अर्धे तिकीट नाकारले. २७ फेब्रुवारी १९८९ च्या सकाळी कराकासजवळच्या बसथांब्यांवर वाद सुरू झाले. नंतर दंगली आणि लष्करी गोळीबारात, सरकारी आकड्यानुसारच, पावणेतीनशेहून अधिक माणसे मेली. चिलीत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोचे गर्दीच्या वेळेचे तिकीट ८०० पेसोंवरून ८३० झाले. तिकीट न काढता स्थानकांची फाटके पहिल्यांदा ओलांडली ती शाळकरी मुलांनीच.

गोव्याने अर्ध्या तिकिटाचा लढा १९७९ च्या सुमारास पाहिला आहे. विद्यार्थ्यांनी बसभाड्यात ५० टक्के सवलत मागितली. वर्गांवर बहिष्कार आणि मोर्चे झाले. हे काटकसरीविरुद्धचे आंदोलन नव्हते. सवलत वाचवायची नव्हती, मिळवायची होती. तरी अडचण तीच: भार कोणी उचलायचा? तेव्हा बसगाड्या खासगी मालकांच्या होत्या. सरकारी बसगाड्यांचे कदंब महामंडळ १९८० मध्ये आले. सवलत अखेर मिळाली. शशिकला काकोडकर यांचे सरकार एप्रिल १९७९ मध्ये कोसळले आणि अनेकजण त्याचे श्रेय या लढ्याला देतात, पण ते पडले पक्षफुटीमुळे. लढ्याने हवा तापवली, इतकेच म्हणता येईल.

याउलट हळूहळू केलेली कपात सहसा पचते. गोव्यात एप्रिल २०१२ मध्ये पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला गेला. लिटरमागे सुमारे ११ रुपये उतरले, देशभर चर्चा झाली. पुढे तोच कर टप्प्याटप्प्याने चढत गेला, पण त्यावर भडका उडाला नाही. आणखी मुकी कपात म्हणजे थकवणे. महिलांना दरमहा पैसे देणारी योजना रद्द होत नाही, रक्कम घटत नाही. फक्त दरमहाचा हप्ता दोन-तीन महिने उशिरा येतो. प्रत्येक बाई आपापल्या बँकेत जाऊन पासबुक भरून घेते, कोरी ओळ पाहते आणि घरी परतते. सगळ्याजणी एका दिवशी एका जागी येतच नाहीत, त्यामुळे जमाव बनत नाही.

पोर्तुगालचे उदाहरण

गोव्यातल्या वाचकाला हे जवळचे वाटेल. ७ सप्टेंबर २०१२ रोजी पोर्तुगालच्या पंतप्रधानांनी कामगारांचा सामाजिक सुरक्षा हप्ता पगाराच्या ११ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेण्याचे आणि मालकांचा २३.७५ वरून १८ वर उतरवण्याचे जाहीर केले. आधीच्या कपाती विखुरलेल्या होत्या. इथे मात्र एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घातलेले कोणालाही दिसत होते. १५ सप्टेंबरला अनेक शहरांत प्रचंड मोर्चे निघाले आणि महिना संपण्याआधी प्रस्ताव बारगळला. बाकी काटकसर चालूच राहिली. ती सैल होऊ लागली नोव्हेंबर २०१५ नंतर, डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर आंतोनियो कॉश्ता पंतप्रधान झाल्यावर. त्यांचे पितृघराणे मडगावचे.

साधने

रिकामे भांडे हे या आंदोलनांचे सर्वांत जुने वाद्य. महाराष्ट्रात १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन, थाळ्या बडवत निघाल्या. अर्जेंटिनात डिसेंबर २००१ मध्ये बँकेतून आठवड्याला २५० पेसोच काढता येतील, असे ठरल्यावर मध्यमवर्गीयांनी बाल्कन्यांतून पातेली वाजवली. २० डिसेंबरला राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला. भांड्याला ध्वनिक्षेपकाचा परवाना लागत नाही.

संपाचे तसे नाही. त्याला आधी रीतसर नोटीस लागते. बंदची जोखीम वेगळीच: ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने दोन राजकीय पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले, आणि गोवाही याच न्यायालयाच्या कक्षेत येतो.

गोव्यात मोर्चा काढताना

पणजीत आझाद मैदान, मडगावात लोहिया मैदान या सवयीच्या जागा. अधिवेशन चालू असेल तर रोख पर्वरीच्या विधानसभेकडे असतो, पण त्या काळात जमावबंदी लागू होऊ शकते. पूर्वीचे कलम १४४, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३. मार्ग, वेळ आणि अंदाजे संख्या लिहून पोलिसांकडे अर्ज द्यावा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. पन्नास माणसांमागे एक स्वयंसेवक ठेवावा.

चुका ठरलेल्या आहेत. भाडेवाढीविरुद्ध बसवालेही गाड्या बंद ठेवणार असतील तर सत्तरी आणि काणकोणची माणसे पणजीला पोचणार कशी, हे आधी कोणी विचारत नाही. चवथीच्या आठवड्यात तारीख घेतली तर मैदान रिकामे. निवेदनात पंधरा मागण्या असल्या की सरकार सर्वांत स्वस्त दोन मान्य करून मोकळे होते. मांडवीचे पूल अडवले की राज्य थांबते, हे १९ मार्च २०१८ रोजी खाणींवर पोट असलेल्यांनी दाखवले. पण अडकलेल्या गाड्यांतली माणसे दुपारपर्यंत आंदोलकांवरच चिडलेली असतात. अथेन्समध्ये ५ मे २०१० च्या मोर्चात बँकेची शाखा पेटवली गेली, तीन कर्मचारी गुदमरून मेले आणि त्यानंतर रस्त्यांवरची गर्दी कित्येक महिने ओसरली.

निवेदनाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक शिक्का, क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय उठू नये. शिष्टमंडळाला तोंडी मिळालेले आश्वासन टाळ्यांच्या गजरात जाहीर होते, लोक घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टर पूर्ण तिकीटच फाडतो, कारण त्याच्याकडे परिपत्रक आलेले नसते.